लाइक नऊशे, देणगी शून्य: संस्थांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांना विचारले होते, की फेसबुक, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून देणगीदारांपर्यंत पोहोचताना घोडे नेमके कुठे अडते. बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींनी संस्थेचे नाव छापू नका असे कळवले होते, म्हणून सगळ्यांचीच नावे गाळली.

प्रश्न: नाशिकजवळ आमचा वृद्धाश्रम आहे. फेसबुक पेजला सहा हजारांवर फॉलोअर आहेत. दिवाळी फराळाच्या फोटोंना नऊशे लाइक पडले, पण त्या महिन्यात फेसबुकवरून एक रुपयाही आला नाही. चुकते कुठे?

उत्तर: लाइक करणाऱ्याकडे तुम्ही काही मागितलेच नसेल, ही पहिली शक्यता. फोटोखाली ‘सढळ हस्ते मदत करावी’ एवढेच असेल, तर वाचणारा मनात ‘छान काम’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मागणी आकड्यात हवी आणि तो आकडा तुमच्या खातेवहीतून आलेला हवा. समजा आश्रमात रोज नऊ लिटर दूध लागते आणि लिटरला ६० रुपये पडतात. दिवसाचे झाले ५४०, तीस दिवसांचे १६,२००. मग पोस्ट अशी लिहिता येते: ‘आश्रमाचे एका दिवसाचे दूध ५४० रुपये. एप्रिलचे ११ दिवस अजून रिकामे आहेत.’ आपण नेमके काय दिले हे देणाऱ्याला कळते, आणि दिवस भरत जातील तसा तुम्हालाही पुढच्या पोस्टचा विषय मिळतो. फक्त दुधाच्या नावाने आलेला पैसा दुधावरच खर्ची पडला पाहिजे. महिना भरला की तसे जाहीर करून दुसरी गरज मांडा.

डायपर, औषधे, रात्रपाळीच्या मावशींचा पगार यांचेही असेच हिशेब होतात. डायपरबद्दल लिहायला संस्थांना संकोच वाटतो. पण दिवाळीत फराळाचे डबे घेऊन येणाऱ्यांची आश्रमात रांग असते, डायपर घेऊन कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोस्टपासून पैशापर्यंतचा रस्ता. संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या मोबाइलवर पोस्ट उघडायला सांगा आणि पैसे जाईपर्यंत त्याला किती ठिकाणी बोट लावावे लागते ते मोजा. आधी वेबसाइटचे पहिले पान, तिथून ‘संपर्क’, आणि तिथे बँक तपशिलाचा स्कॅन केलेला कागद, ज्यातला खाते क्रमांक कॉपीसुद्धा होत नाही. असा रस्ता असेल तर दोष फेसबुकचा नाही. लिंक थेट देणगीच्या पानावर जावी. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातली लिंक दाबली जात नाही. ती प्रोफाइलमध्ये ठेवा किंवा स्टोरीत लिंकचे स्टिकर लावा.

आणि फेसबुककडून अपेक्षा थोडी कमी करा. नवी माणसे भेटण्यासाठी ते चांगले, पण तुमची पोस्ट सहा हजारांपैकी कितीजणांना दाखवायची हे तेच ठरवते. ज्याला काम आवडले त्याचा मोबाइल नंबर किंवा ईमेल, त्याच्या संमतीने, तुमच्या यादीत आला तरच तो तुमचा माणूस झाला. नाव, मोबाइल, ईमेल आणि ‘महिन्यातून एकदा कळवलेले चालेल’ ही एक चौकट, एवढाच गूगल फॉर्म करा. प्रत्येक पोस्टखाली, आश्रमाच्या फाटकावर, भेट देणाऱ्यांच्या नोंदवहीशेजारी त्याचा क्यूआर लावा. लाइक किती पडले हे सभेत सांगण्याऐवजी या यादीत किती नावे वाढली ते सांगत जा.

प्रश्न: आमच्या शिक्षणसंस्थेचे साधारण ८०० देणगीदार आहेत. दर तीन महिन्यांनी जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत टाकून वृत्तपत्रिका पाठवतो. निम्म्यांना मिळत नाही, काहींच्या स्पॅममध्ये जाते, आणि मागच्या वेळी तर खात्यातून मेल जाणेच दिवसभर बंद झाले. काय करावे? – सांगली

उत्तर: साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांच्या पुढे मेल जात नाही. मर्यादा ओलांडली की पाठवणे बंद होते आणि ते सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. शिवाय एकच मजकूर शेकडो लोकांना बीसीसीतून जाऊ लागला की तो स्पॅमसारखा दिसतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. सगळ्यात कडक अटी दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना आहेत, पण ८०० वाल्यांनीही त्या पाळल्या तर मेल नीट पोहोचतात.

आधी संस्थेचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवर नोंदवलेले नाव, घ्या. ईमेलचा पत्ता त्या नावाचा हवा. शेवटी जीमेल असलेला पत्ता एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या ईमेल सेवेतून वापरायला गेलात तर तो एक तर बदलला जातो, नाही तर अडवला जातो, कारण जीमेलच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेले मेल म्हणजे तोतयेगिरी धरली जाते. नोंदणीकृत संस्थांना ‘गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स’खाली या डोमेनवरची मेलसेवा विनामूल्य मिळू शकते. अर्ज करताना नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि वेबसाइट या तिन्हींवर संस्थेचे नाव अक्षरशः एकच असू द्या. एका कागदावर ‘मंडळ’ आणि दुसऱ्यावर ‘ट्रस्ट’ असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

मग पाठवण्यासाठी ईमेल सेवा घ्या. ब्रेव्हो नावाच्या सेवेच्या मोफत खात्यातून दिवसाला ३०० मेल जातात. तुमच्या ८०० लोकांचे तीन गट करून सोमवार, मंगळवार, बुधवार असे पाठवले की काम भागते. खाली त्यांची छोटी जाहिरात येते, ती येऊ द्या.

आता सगळ्यात कंटाळवाणे काम, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचे. डोमेन ज्याच्याकडून घेतले त्याच्या पॅनेलमध्ये डीएनएस नावाचा विभाग असतो. तिथे तीन नोंदी लागतात. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाला, याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या दोन्ही कसोट्या नापास झाल्या तर मेलचे काय करावे, याची सूचना. नोंदींचा मजकूर ईमेल सेवा तयार देते. तो जसाच्या तसा चिकटवायचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी. गूगलची आधीच असते, त्याखाली दुसऱ्या सेवेची नवी टाकली जाते आणि दोन्ही निकामी होतात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच चालते. दुसऱ्या सेवेचा भाग त्याच ओळीत घालायचा. डीमार्कचे धोरण सुरुवातीला ‘नन’, म्हणजे फक्त निरीक्षण, असे ठेवा. बदल लागू व्हायला कधी काही मिनिटे, तर कधी ४८ तास लागतात.

सगळे झाले की स्वतःच्या जीमेलवर चाचणी मेल पाठवा. संगणकावर तो उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. एकापुढेही ‘फेल’ असेल तर ८०० जणांना मेल पाठवू नका.

यादीही साफ करावी लागेल. कागदी पावत्यांवरून उतरवलेल्या पत्त्यांत स्पेलिंगच्या चुका असतातच. बंद पत्त्यांवर मेल जात राहिले की तुमच्या डोमेनची पत घसरते, म्हणून परत आलेले पत्ते लगेच काढा. जुन्या यादीत आधी गेल्या वर्षभरात देणगी दिलेल्यांना पाठवा, मग हळूहळू बाकीच्यांना. विकत मिळणाऱ्या ‘उद्योजकांच्या याद्या’ घेऊ नका. गूगलच्या हिशेबात ‘हा स्पॅम आहे’ असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत राहावे लागते. ८०० लोकांत ते दोन-अडीच माणसे होतात! म्हणून ‘यादीतून माझे नाव काढा’ ही लिंक ठळक असू द्या. ती सापडली नाही, की माणूस स्पॅमचे बटण दाबतो.

प्रश्न: ईमेल मराठीत लिहावे का? आम्ही मराठीत पाठवले तर काहींना नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसली. आणि मजकूर किती मोठा असावा?

उत्तर: देणगीदार तुमच्याशी मराठीत बोलत असतील तर मेलही मराठीतच. चित्रविचित्र अक्षरे दिसली, कारण मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधून उचललेला असणार. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या पद्धतीत टाइप केलेले फक्त तो फाँट असलेल्या संगणकावर मराठी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये हवा. मोबाइलवरच्या जीबोर्डवर किंवा संगणकावर इनस्क्रिप्टने टाइप केलेले युनिकोडच असते. वार्षिक अहवालाची जुनी फाइल असेल तर फाँट कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर डोळ्यांखालून घाला. रफार आणि ‘ऱ्या’ तिथे हमखास बिघडतात.

तो मजकूर पोस्टरवर छापून चित्र म्हणून पाठवणे ही पळवाट काही संस्था काढतात. चित्रे बंद ठेवलेल्या मेलपेटीत तिथे रिकामी चौकट दिसते, आणि फक्त चित्राचे मेल स्पॅममध्ये जाण्याचा धोकाही जास्त. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा, सोबत एखादा फोटो. वर्डमधून मजकूर उचलून थेट चिकटवू नका. सोबत अदृश्य कोडचा गठ्ठा येतो. मेलचा कोड १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मधेच कापते, आणि नेमकी देणगीची लिंक खाली राहून जाते.

मेलची सुरुवात कशी असावी, तर एका वाचनालयासाठी नमुना असा:

विषय: तुमच्या १,२०० रुपयांची १५ पुस्तके
‘सुनंदाताई, नमस्कार. जूनमध्ये तुम्ही दिलेल्या १,२०० रुपयांतून प्रत्येकी ८० रुपयांची १५ गोष्टींची पुस्तके घेतली. ती आता चौथीच्या वर्गातल्या पेटीत आहेत. त्यातली चार पहिल्याच आठवड्यात घरी गेली.’

विषयाची ओळ पाच-सहा शब्दांत बसवा, मोबाइलवर पुढचे दिसत नाही. ‘वृत्तपत्रिका, अंक ७’ या विषयाचा मेल कोणी का उघडावा? पाठवणाऱ्याचे नाव नुसते ‘अकाउंट्स’ किंवा ‘इन्फो’ नको, संस्थेचे किंवा ‘अमुक, संस्थेकडून’ असे असू द्या. मजकूर दोनशे-अडीचशे शब्द, एक बातमी, एक मागणी. अध्यक्षांचे मनोगत वेबसाइटवर ठेवा.

नाव आपोआप घालण्याची सोय वापरत असाल तर सावध. बँकेच्या पत्रकातून उचललेली नावे आडनाव आधी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतात, आणि मग मेल ‘प्रिय’च्या पुढे नुसते आडनाव टाकतो. जिथे रकाना रिकामा, तिथे ‘प्रिय’पुढे नुसता स्वल्पविराम. यादीत ‘संबोधन’ नावाचा वेगळा रकाना करा आणि त्यात हाताने ‘सुनंदाताई’, ‘पाटील सर’, ‘डॉक्टरसाहेब’ असे भरा. ८०० नावांना दोन कार्यकर्त्यांच्या दोन-तीन दुपारी लागतील, पण हे काम एकदाच करायचे.

‘किती जणांनी उघडले’ हा आकडा फार मनावर घेऊ नका. २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप चित्रे आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे न वाचलेले मेलही उघडलेले मोजले जातात. लिंक किती जणांनी दाबली आणि उत्तर किती जणांनी पाठवले, हे खरे.

प्रश्न: बीड जिल्ह्यात आमचे पाणलोटाचे काम आहे. आमच्याकडे ईमेल कोणी वाचत नाही, सगळे व्हॉट्सॲपवर. ब्रॉडकास्ट पाठवला तरी बऱ्याच जणांना पोहोचत नाही. ग्रुप केला तर सकाळपासून फुले आणि सुविचार. एकदा तर नंबरच बंद पडला.

उत्तर: ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण संदेश ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच जातो. ही अट माहीत नसल्याने अनेक संस्था निम्म्या यादीशी एकतर्फी बोलत असतात. उपाय साधा: पावती पाठवताना सोबत संस्थेचे संपर्ककार्ड पाठवा आणि लिहा, ‘हा नंबर सेव्ह केलात तर बंधाऱ्याचे फोटो येत राहतील.’ प्रत्यक्ष भेटीत तर तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

ग्रुप हवाच असेल तर सेटिंगमध्ये संदेश फक्त ॲडमिननी पाठवायचा पर्याय निवडा. तरी एक अडचण राहते, ती म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. तुमच्या देणगीदार डॉक्टरांना मग विमा एजंटांचे फोन येऊ लागतात आणि ते ग्रुप सोडतात. अनोळखी, विखुरलेल्या हितचिंतकांसाठी चॅनेल बरे. तिथे नंबर दिसत नाहीत आणि उलट संदेशही येत नाहीत. गावातल्या पाणी समितीसाठी मात्र ग्रुपच ठेवा, तिथे चर्चा हवी असते.

नंबर बंद पडला, कारण बहुधा एकाच दिवशी शेकडो अनोळखी नंबरांना संदेश गेले आणि त्यातल्या काहींनी ‘ब्लॉक’ किंवा ‘रिपोर्ट’ केले. नवे सिम घेऊन त्याच दिवशी यादी चालवणे म्हणजे बंदीला आमंत्रण. बाजारात मिळणारी ‘बल्क व्हॉट्सॲप’ सॉफ्टवेअर तर वापरूच नका. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप घ्या, सिम संस्थेच्या नावावर घ्या आणि टू-स्टेप पिन लावून तो पिन कार्यालयात लिहून ठेवा. त्यातले लेबल फार उपयोगी आहेत: ‘दाता २०२५’, ‘श्रमदान’, ‘पावती बाकी’. आठवड्याला एकच संदेश, एक फोटो, तीन ओळी. पाणलोटाला तर आयती सोय आहे: मे महिन्यातला कोरडा नालाबांध आणि त्याच जागी उभे राहून ऑगस्टमध्ये काढलेला फोटो. त्यासाठी मे महिन्यात त्या जागी खडकावर रंगाची खूण करा. नाहीतर ऑगस्टमध्ये कोन चुकतो आणि दोन फोटो दोन वेगळ्या गावांचे वाटतात.

प्रश्न: आम्ही बालगृह चालवतो. मुलांचे चेहरे दाखवल्याशिवाय देणग्या येत नाहीत असे आमचे काही विश्वस्त म्हणतात. चेहरा धूसर केला तर चालते का? – कोल्हापूर

उत्तर: चेहरे दाखवायचे नाहीत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मुलाच्या हितासाठी बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समिती लेखी परवानगी देऊ शकते, पण देणगीचे आवाहन हे काही तसे कारण नव्हे.

नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागचा फलक, हातावरचे गोंदण, ‘वडील अपघातात गेले, आई अमुक गावची’ ही ओळ, यातले काहीही गावातल्या माणसाला पुरते. हात, पाठमोरी रांग, चित्रकलेचा कागद (कोपऱ्यातले नाव झाकून), चपलांची ओळ, स्वयंपाकघरातली पातेली यांचे फोटो काढा. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवला तर त्यात जागेची नोंद राहू शकते, म्हणून कॅमेऱ्याचे लोकेशन बंद ठेवा.

खरी गळती मात्र दुसरीकडून होते. वाढदिवस साजरा करायला आलेले दाते केक कापताना मुलांसोबत सेल्फी काढतात आणि घरी पोहोचायच्या आत तो फेसबुकवर असतो, संस्थेला टॅग करून. फाटकावरच नम्र सूचना लावा, भेटीच्या अर्जावर सही घ्या, आणि त्याबदल्यात त्यांना पोस्ट करण्यासारखा एक फोटो तुम्हीच द्या: केक, दाते आणि मुलांनी केलेले शुभेच्छापत्र. तरीही कोणी टाकलाच तर टॅग काढा आणि त्याच दिवशी फोन करून पोस्ट हटवायला सांगा.

प्रौढ लाभार्थ्यांचा फोटो वापरायचा तर मराठीत लेखी संमती घ्या. फोटो कुठे वापरणार, किती काळ, आणि नंतर नको वाटले तर कोणाला सांगायचे, हे त्यात हवे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीबाबतच्या मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. देणगीदारांच्या याद्यांनाही तो लागू होतो, तेव्हा संमतीची नोंद आतापासूनच ठेवायला लागा.

प्रश्न: पोस्टवर यूपीआयचा क्यूआर टाकल्यापासून छोट्या देणग्या येऊ लागल्या, पण कोणी दिल्या तेच कळत नाही. ८०जी ची पावती कशी द्यायची? – भटक्या प्राण्यांसाठी काम करणारी संस्था, म्हापसा

उत्तर: बँकेच्या नोंदीत फार तर नाव आणि यूपीआय पत्ता येतो, पॅन आणि पत्ता येत नाही. करसवलतीची पावती हवी असेल तर ते लागतातच. म्हणून पोस्टवर नुसता क्यूआर न टाकता फॉर्मची लिंक टाका: नाव, पॅन, पत्ता, ईमेल, रक्कम आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक. शेवटच्या रकान्यामुळे बँकेच्या पत्रकाशी मेळ घालणे सोपे होते. स्क्रीनशॉटवर पावती फाडू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारे असतात. पैसे खात्यात दिसले की मगच पावती.

क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदारांच्या वैयक्तिक क्यूआरवर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे लेखापरीक्षणात वर्षभर डोके खातात. फलकावर लावलेल्या क्यूआरवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हेही अधूनमधून पाहा. पोस्टमध्ये लिहा: ‘स्कॅन केल्यावर संस्थेचे पूर्ण नाव दिसले तरच पुढे जा.’

८०जी साठी देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यातून निघालेले १०बीई प्रमाणपत्र दात्याला त्याच तारखेपर्यंत द्यायचे असते. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. विवरणात नाव नसेल तर दात्याला सवलत मिळत नाही, आणि जून-जुलैमध्ये त्याचा रागावलेला फोन येतो. रोख देणगी दोन हजारांवर गेली तर तिला सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. पावतीवरचा मजकूर सीएंकडून दुरुस्त करून घ्या.

एक गोष्ट मार्चमधल्या आवाहनांबद्दल. नवी कररचना निवडलेल्या पगारदाराला ८०जी ची वजावट मिळतच नाही. त्यामुळे ‘कर वाचवा’ हे वाक्य अनेकांच्या दृष्टीने आता फोल आहे. विषयाच्या ओळीत ‘नसबंदीचा एका कुत्र्यामागचा खर्च’ लिहा; करसवलत खाली एका ओळीत.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गावाकडच्या संस्थेचे आवाहन टाकले तर चालेल का? तिकडून सांगतात, ‘अमेरिकेतून पैसे नकोत.’

उत्तर: ते बरोबर सांगत आहेत, पण अर्धेच. कसोटी राहण्याच्या देशाची नसून नागरिकत्वाची आहे. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तुम्ही स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवलेत, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड असूनही तुम्ही विदेशी स्रोत ठरता, मग सुट्टीत गावी येऊन रुपयांत दिलेत तरीही. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आधी यावी लागते.

मंडळाच्या ग्रुपवर दोन्ही प्रकारचे लोक असतात. त्यामुळे आवाहनात ‘फक्त भारतीय पासपोर्टधारकांसाठी’ हे पहिल्याच ओळीत लिहा. संस्थेने देणगीच्या पानावर नागरिकत्वाची चौकट ठेवावी, पासपोर्टची प्रत मागून घ्यावी आणि एफसीआरए नसेल तर पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डे बंद ठेवावीत.

प्रश्न: पोस्ट ‘बूस्ट’ करायला, म्हणजे जास्त लोकांना दाखवायला, पैसे घालावेत का?

उत्तर: देणगीसाठी, सहसा नाही. कार्यक्रमाला किंवा शिबिराला आसपासच्या दहा किलोमीटरमधले लोक हवे असतील तर थोडे घालायला हरकत नाही. सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिरातींना मेटा, म्हणजे फेसबुकची कंपनी, ओळखपत्राची पडताळणी मागते. ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी होत नाही. गूगल मात्र पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती फुकट देते. त्या फक्त मजकुराच्या असतात आणि दिसल्यापैकी किमान पाच टक्के लोकांनी त्या दाबल्या पाहिजेत, नाहीतर खाते थांबते. रुग्णालये आणि शाळा यात बसत नाहीत. वेबसाइट धड नसेल तर आधी ती करा.

प्रश्न: पेज सांभाळणारा स्वयंसेवक नोकरीसाठी बंगळूरला गेला. पासवर्ड त्याच्याकडेच आहेत, फोन उचलत नाही.

उत्तर: त्याला रागावून संदेश पाठवू नका, बहुतेकदा तो फक्त गडबडीत असतो. दोन मिनिटांचे काम सांगा: पेजच्या सेटिंगमध्ये दोन विश्वस्तांना पूर्ण अधिकार दे. पासवर्ड मागू नका. पेज त्याच्या वैयक्तिक खात्यातून चालते, त्या खात्याचा पासवर्ड तो देणार नाही आणि देऊही नये. काहीच जमले नाही तर नोंदणी प्रमाणपत्र आणि विश्वस्तांच्या सहीचे पत्र जोडून मेटाकडे पेजच्या मालकीचा दावा करता येतो, पण त्याला वेळ लागतो.

नवे काही उघडाल ते संस्थेच्या डोमेनवरच्या ईमेलने उघडा, प्रत्येक ठिकाणी दोन ॲडमिन ठेवा, आणि ओटीपीचा नंबर कार्यालयातल्या सिमचा द्या. ते सिम रिचार्ज होत राहील हे पाहा. डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही आजच तपासा. तेही त्याच मुलाच्या कार्डावर असेल, तर मुदत संपल्याचे मेल त्यालाच जातात, आणि सुटलेले डोमेन जुगाराच्या साइटवाले उचलतात. तुमच्या छापील पावत्यांवर मात्र तोच पत्ता राहतो. पाच वर्षांचे पैसे एकदम भरून नूतनीकरणाची तारीख लेखापरीक्षणाच्या फाइलवर लिहून ठेवा.